वाट दिसते, पण ती कुणाची?

दुपारचे दोन वाजलेले. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर आम्ही नऊ जण, नऊ फोन आणि रेंज शून्य. धुकं असं की पाच पावलं पुढे गेलेल्या मैत्रिणीचा लाल रेनकोट दिसेनासा व्हायचा आणि मग फक्त तिची हाक यायची, "आहात ना रे सगळे?" ऑफलाइन मॅपवर आमचा निळा ठिपका अगदी बरोबर रेघेवर बसला होता. पायाखाली मात्र एक नाही, चार वाटा होत्या. चारही सारख्याच चिखलाच्या.

मागच्या जुलैतली गोष्ट. सकाळी पाचनईतून चढून आलो तेव्हा सगळं मस्त चाललं होतं. पाचनईची वाट सोपी, दोन-तीन तासांत गडावर. मंदिर पाहिलं. केदारेश्वराच्या गुहेसमोर ओढा भरून वाहत होता, त्यामुळे पाण्यातलं ते मोठं शिवलिंग आणि चारांपैकी एकच शाबूत राहिलेला खांब या वेळी लांबूनच. कोकणकड्यावर गेलो तर कडा नव्हताच, नुसता ढग. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला याच कड्यावरून गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र दिसलं होतं म्हणतात. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. मग प्लॅनप्रमाणे आल्या वाटेने न उतरता टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं ठरलं. तिथून खुबी फाटा, फाट्यावर कल्याण-नगर एसटी. मॅपवर हा लूप फार सुंदर दिसत होता.

एक सांगायचं राहिलं. सकाळी पाचनईत एक मुलगा विचारायला आला होता, "वाटाड्या पायजे का? पठारावर धुकं हाये." आठशे रुपये म्हणाला. आमच्यातल्या एकीने लगेच हिशोब मांडला, आठशेत नऊ जणांचं जेवण होतं आणि ट्रॅक तर डाउनलोड केलेला आहे. ती एक म्हणजे मीच.

तर चार वाटा. आम्ही बहुमताने एक निवडली. वीस मिनिटांनी ती संपली. परत आलो, दुसरी घेतली. ती जरा उतरत होती, म्हणजे खाली जाते, म्हणजे गावात जाते, असं आमचं लॉजिक. पावसाने बूट भरलेले, एकाचे दात वाजायला लागलेले, आणि नेमकं तेव्हा कुठूनतरी घंटेचा आवाज आला. देवळातला नाही, गुरांच्या गळ्यातला.

आम्ही सगळे एकदम ओरडलो. धुक्यातून आधी म्हैस आली, मग तिच्यामागे एक बाबा. साठीच्या पुढचे. अंगावर घोंगडी, घोंगडीवर प्लास्टिकचा कागद, पायात रबरी चपला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं निघाला?"

"टोलार खिंडीत."

"खिंड तिकडं ऱ्हायली," त्यांनी आमच्या पाठीमागे हात केला. "ही पाण्याची वाट हाये. पुढं कडा."

आम्ही ज्या वाटेला गावाची वाट समजलो होतो ती पावसाच्या पाण्याने उतारावर पाडलेली चर होती. पाणी कड्यावरून खाली जातं. आम्हीही त्याच्याच मागे निघालो होतो.

बाबांनी आम्हाला खिरेश्वरला जाऊच दिलं नाही. एवढ्या उशिरा तिकडं काय करणार, म्हणाले, आणि मंदिराकडे घेऊन निघाले. चालता चालता त्यांनी जे सांगितलं ते मला तीन वर्षांच्या मास कॉमच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त लक्षात राहिलंय. पठारावर तीन प्रकारच्या वाटा असतात. गुरांच्या वाटा एकीला एक लागून चार-पाच असतात, कारण गुरं फाकत चरतात. त्या चाऱ्याकडे जातात आणि तिथेच विरतात. पाण्याची वाट धुतलेली, स्वच्छ, दगड उघडे पडलेली असते. ती सरळ उतारावर पडते आणि दिसायला सगळ्यात छान दिसते. माणसांची वाट मात्र एकटी असते. ती अरुंद असते, कारण माणसं एकामागे एक चालतात. ती उतारावर सरळ उडी घेत नाही, आडवी जाते, वळसा घेते. आणि तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात.

"वाट दिसली म्हनून चालायचं नसतं, पोरांनो," ते म्हणाले. "कुनाची हाये ते बघायचं."

मंदिरापाशी आल्यावर आम्ही पैसे काढले. त्यांनी मोजून खिशात घातले आणि म्हशीला हाक देत निघून गेले. नावही विचारलं नाही आम्ही. अंधार पडायच्या आत पाचनईत उतरलो.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही

परत आल्यावर ही गोष्ट कट्ट्यावर मी भरपूर मीठमसाला लावून सांगितली. मग एकदा ऑफिसमध्ये जुनी कात्रणं बघताना हसू थांबलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गडावर वाट चुकलेल्या एका ग्रुपमधल्या तरुणाचा थंडी-पावसात मृत्यू झाला होता. कड्यावरून पडून नाही, थंडीने. आपल्याला वाटतं थंडीने मरायला बर्फ लागतो. लागत नाही. भिजलेले कपडे, अंगावर वारा, पोटात काही नाही आणि थांबलेली हालचाल, एवढं पुरतं. आमच्यातल्या ज्याचे दात वाजत होते तो पुढे गप्प झाला होता आणि आम्हाला वाटलं, बरं झालं, याची बडबड थांबली. थंडीने माणूस गप्प होणं, अडखळणं, "मी ठीक आहे" म्हणत खाली बसणं, ही धोक्याची लक्षणं असतात, हे मला नंतर वाचून कळलं.

आणि अनुभव असला म्हणजे सगळं टळतं असंही नाही. सांदण दरी आणि सह्याद्रीतल्या कितीतरी अवघड वाटा ज्यांनी पालथ्या घातल्या ते ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये याच कोकणकड्याच्या परिसरात रॅपलिंगच्या मोहिमेत गेले.

म्हणून मी ठरवलं की या वाटांवर पुन्हा जायचं, पण या वेळी विचारत विचारत. पेजच्या मीटिंगमध्ये विषय मांडला, सरांनी विचारलं, "ट्रेकिंगवर नवीन काय लिहिणार?" मी म्हणाले, वाटा कुणाच्या ते लिहिते.

आपलं चेरापुंजी

नगर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टँकर, चारा छावणी, नाहीतर ऊस आणि साखर कारखाने. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी चित्र तेच. माझ्या पाथर्डीच्या मैत्रिणीला मी सांगितलं की आपल्याच जिल्ह्यात घाटघर नावाचं गाव आहे आणि त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात, तर तिला वाटलं मी फेकतेय.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा हा डोंगराळ पट्टा म्हणजे डांगाण. संगमनेर, अकोले करत एसटी राजूरला पोचते (उतरून पेढे घ्या, राजूरचे पेढे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे) आणि तिथून पुढे रस्ता, हवा, बोली सगळंच बदलतं. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेली डांगी गुरं दिसायला लागतात. भर पावसात चिखलात काम करणारी ही जात इथलीच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथेच. रतनगड, हरिश्चंद्रगड, नाशिकच्या हद्दीला लागून अलंग-मदन-कुलंग, सगळं एका तालुक्याच्या आसपास. १९८६ पासून यातलं ३६१ चौरस किलोमीटरहून जास्त रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

आणि पाणी. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा खाली भंडारदऱ्याला अडवली आहे. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालेलं ते ८२ मीटर उंच विल्सन डॅम. त्याच्या जलाशयाला आता राघोजी भांगरे यांचं नाव दिलंय. साधारण ११ टीएमसी पाणी. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस या पाण्यावर वाढला. दुसरी नदी मुळा, ती हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते आणि राहुरीजवळ २६ टीएमसीच्या मुळा धरणात थांबते. नगर शहराला पाणी तिथूनच येतं. म्हणजे आमच्या होस्टेलच्या नळाला दिवसाआड येणारं पाणी कुठलं, तर आम्ही जिथे हरवलो होतो तिथलं. गडावर टाकलेला वेफर्सचा पुडाही मग कुठल्या दिशेने निघतो, याचा अंदाज करता येईल. आणि एवढं पाणी खाली पाठवणाऱ्या या डोंगरातल्या काही वाड्यांवर उन्हाळ्यात बायका अजून हंडे घेऊन झऱ्यावर जातात.

माझ्या रूममेटच्या भिंतीवर स्कॉटलंडचं पोस्टर आहे. डोंगर, मधे लांबोडकं तळं, त्याच्या काठाने गवताळ ओसाड माळ आणि त्यावरून गेलेली एक पायवाट. तिचं स्वप्न आहे वेस्ट हायलँड वे चालायचं. १५४ किलोमीटरची वाट, १९८० मध्ये अधिकृतपणे खुली झाली, दरवर्षी जगभरातून लोक येतात. मी तिला चिडवते की ज्याच्या पायथ्याशी ती वाट संपते तो बेन नेव्हिस, ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, १३४५ मीटरचा आहे. आपली कळसूबाई त्याच्यापेक्षा ३०१ मीटर उंच! पण या लेखासाठी वाचताना मला वेगळीच गोष्ट सापडली. ती प्रसिद्ध वाटसुद्धा ट्रेकर्ससाठी कुणी बांधली नव्हती. तिचे बरेचसे तुकडे म्हणजे जुने लष्करी रस्ते आणि गुरं बाजाराला हाकून नेण्याच्या वाटा. बेन नेव्हिसवरचा रस्ताही १८८३ मध्ये माथ्यावर हवामान वेधशाळा उभारली तेव्हा तट्टांवरून सामान चढवण्यासाठी झाला. म्हणजे तिथेही म्हैसवाले बाबा आधी आणि पोस्टर नंतर.

कामाच्या वाटा

नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघीच गेलो. रतनवाडी ते पाचनई, कात्राबाईच्या खिंडीतून, दोन दिवस. सोबत रतनवाडीचा एक वाटाड्या. बीए झालेला, सव्वीस वर्षांचा, आमच्याहून थोडासाच मोठा. पहिल्यांदा त्याला "दादा" म्हणावं की नावाने हाक मारावी हेच कळेना. शेवटी दादाच झालं.

अमृतेश्वराचं कोरीव देऊळ पाहून सकाळी लवकर निघालो. रतनगडाला जाणारी शिड्यांची वाट उजवीकडे सोडली (गड वेगळा करा, नेढ्यात बसून वारा खाण्यासाठी तरी करा) आणि जंगलात शिरलो. इथलं जंगल दाट. ऊन पानांतून गाळून खाली येतं. मी जुलैचा धडा आठवून प्रत्येक फाट्यावर दादाला विचारायची, "ही कुणाची?" आधी तो हसला, मग त्यालाच मजा वाटायला लागली.

ही हिरड्याची. एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा गोळा करायला घरंच्या घरं रानात येतात, तेव्हा ही वाट जिवंत होते, बाकी वर्षभर झोपलेली. त्याची कॉलेजची फी कितीतरी वेळा हिरड्यातून भरली गेली होती. ही कारवीची, घर शाकारायला आणि कुडाच्या भिंतींना कारवी लागते. ही सोयरिकीची. सोयरिकीची? हो, खाली कोकणात, शहापूरच्या बाजूला त्याच्या आत्याचं घर आहे. गाडीने जायचं तर अख्खा घाट फिरून जावं लागतं, पायी घाट उतरला की अर्ध्या दिवसात आत्याच्या दारात. साम्रदजवळून करोळी घाटाची वाट अशीच खाली डेहण्याला उतरते. आज ट्रेकर्स ती "सांदणची रिटर्न रूट" म्हणून ओळखतात. या घाटवाटांनी एकेकाळी कोकणातून मीठ वर यायचं. नाणेघाटाचं नाव आपण पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्याच्या उत्तरेला अशा बिननावाच्या, किंवा फक्त गावाला माहीत असलेल्या नावाच्या वाटा पसरलेल्या आहेत.

एका जागी तो थांबला आणि म्हणाला, "ही राघोजीची." हे खरं की दंतकथा, हे मी तपासू शकले नाही, आणि त्याने तसं म्हटलंही नाही. पण राघोजी भांगरे याच मातीतले, देवगावचे. महादेव कोळी समाजातले. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेले. २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. एवढ्या फौजफाट्याला इतकी वर्षं ते सापडत नव्हते ते कशामुळे, हे खिंडीत उभं राहून चारी बाजूला पाहिलं की नकाशाशिवाय कळतं. इंग्रजांच्या हातात मॅप होता. वाट कुणाची हे सांगणारं कुणी नव्हतं.

खिंड चढताना माझा दम निघाला. चढ सरळ अंगावर येतो. पण वरून मागे रतनगड आणि पुढे आजोबाचा डोंगर, त्याच्या अलीकडे कुमशेतचा कोंबडा नावाचा सुळका. लव-कुशांचे आजोबा म्हणजे वाल्मीकी ऋषी, त्यांचा आश्रम इथे होता म्हणून आजोबा, अशी कथा. सिनेमातला 'आजोबा' वेगळा. तो आपल्या पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडलेला बिबट्या. २००९ मध्ये त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं आणि तो चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. शंभराहून जास्त किलोमीटर, वाटाड्याशिवाय. त्याला जमतं.

कुमशेतला मुक्काम. तांदळाची भाकरी, उडदाचं घुटं, ठेचा. घरातल्या मावशी आमच्यापाशी बसल्या आणि पहिला प्रश्न, "घरी सांगून आलात ना?" दुसरा, "लग्नं झाली का?" तिसरा प्रश्न मात्र मला पेचात टाकून गेला. "तुमाला चालायला आवडतं व्हय?" त्यांची मुलगी दहावीनंतर घरी बसली, कारण कॉलेजची एसटी ज्या फाट्यावर थांबते तिथवर रोज पायी जायचं आणि परत यायचं. आम्ही चालण्यासाठी पैसे खर्च करून आलो होतो.

रविवारची रांग

दादा शनिवार-रविवारच वाटाड्या असतो. बाकी दिवस भात. त्या आठवड्यातही त्याचं भात कापून खळ्यावर पडलेलं होतं आणि घरचे दोन हात कमी झाले म्हणून आई चिडली होती. त्याला मी विचारलं, गर्दी वाढली ते चांगलं की वाईट? तो जरा विचार करून म्हणाला, गर्दी चांगली, पण ती सगळी एकाच वाटेवर आणि एकाच दिवशी येते.

हे खरंच आहे. पावसाळ्यातल्या रविवारी बारी गावातून कळसूबाई चढून बघा. लोखंडी शिड्यांपाशी रांग. बसस्टँडवर शोभावी अशी. वर स्पीकर, खाली प्लास्टिक. बारीच्या माणसांसाठी हा डोंगर म्हणजे देवी आहे. नवरात्रात लोक श्रद्धेने चढतात. कळसूची गोष्टही भारी आहे. ही कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस मालकाने तेच काम सांगितलं. तिने केलं, आणि मग उठून डोंगरावर निघून गेली ती कायमची. दर सोमवारी त्याच डोंगरावरचा केर गोळा करणाऱ्या पोरांना ही गोष्ट माहीत आहे. वर रील करणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

काजव्यांचं तसंच. मेच्या शेवटापासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा-घाटघर परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजवे हा उजेड एकमेकांना शोधण्यासाठी पाडतात, त्यांची जोडी जमण्याचा काळ असतो तो. आणि आपण तिथे हेडलाइट लावून, टॉर्च मारून, बाटलीत भरून बघतो. गाडी लांब उभी करून दहा मिनिटं अंधारात नुसतं बसलं तरी दिसतात, उलट जास्त दिसतात. फोनमध्ये नाहीतरी ते येत नाहीत, काळा फोटो येतो.

सांदणबद्दल एवढंच, की पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. दोन उभ्या कातळभिंतींमधली ती चिंचोळी घळ आहे. पाऊस दुसरीकडे पडला तरी पाणी तिथूनच जातं. उन्हात सुंदर दिसणारी ती "वाट" मुळात पाण्याचीच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पहिल्यांदाच जात असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि पाचनईची वाट. नळीची वाट वगैरे नावं ऐकून चेकाळू नका, तिथे दोर आणि अनुभव दोन्ही लागतं. अभयारण्याचे नियम, गडावरच्या मुक्कामाची परवानगी हे बदलत असतं, नाक्यावर विचारा. एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगच्या तळाशी ठेवा आणि कितीही मोह झाला तरी उतरेपर्यंत काढू नका, तो फोटोसाठी नाही. राजूर सोडलं की रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे कुठल्या वाटेने चढणार आणि कुठल्या वाटेने उतरणार हे घरच्या एका माणसाला लिहून पाठवा. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या रेस्क्यू सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी सेव्ह करा. ग्रुप फेसबुकवर बघून जाणार असाल तर लीडरला एक प्रश्न विचारा, सोबत गावातलं कोण आहे? "आपल्याकडे ट्रॅक आहे" असं उत्तर आलं तर माझी आठवण काढा.

आणि वाटाड्याशी घासाघीस करू नका. दोन दिवसांत दादाने आमच्यासाठी खळं सोडलं, एकीची बॅग उचलली आणि एकदा फुरसं वाटेत असताना आम्हाला नुसता हात आडवा करून थांबवलं. आम्हाला तर तो वाळलेल्या पानांचा ढीगच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुमशेतवरून पाचनईत आलो. जुलैमध्ये जिथे चिखल होता तिथे आता भाताच्या पेंढ्या वाळत होत्या. मी म्हैसवाल्या बाबांना शोधायचं ठरवलं होतं, पण "घोंगडीवाले, साठीचे, म्हैस असलेले" या वर्णनात अर्धं गाव बसलं. दादा इथून परत रतनवाडीला जाणार होता, आणि आम्हाला संध्याकाळी गडावर जायचं होतं.

तेवढ्यात एका घराच्या पडवीतून कुणीतरी हाक मारली. तोच मुलगा, जुलैतला, आठशेवाला. त्याने मला ओळखलं. चेहऱ्यावर हसू होतं.

"काय ताई, मॅप चालला का?"

मी विचारलं, आज किती घेशील? या वेळी त्याने हजार सांगितले. आम्ही चौघींनी अडीचशे-अडीचशे काढले.